चंपाची हजेरी

"चौथा मुद्दा पुन्हा वाचा," टिपणीसबाई म्हणाल्या.

मी पत्र गुडघ्यावर सरळ केले. साताऱ्याचे विश्रामगृह सोडून आमची गाडी पाटणच्या रस्त्याला लागली होती, आणि तो रस्ता असा होता की बोट ठेवल्यावाचून ओळ सापडत नव्हती. "‘आपल्या मालिकेतील खेचर वेळीअवेळी ओरडते. हे आम्हांस मान्य नाही.’"

"एवढंच?"

"एवढंच."

"खेचर ओरडतं ही तक्रार," मागच्या आसनावरून दिनकर पोंक्षे म्हणाला. "उद्या लिहितील, कोंबडा आरवतो, बंदोबस्त करा."

बाई हसल्या नाहीत. त्या ‘खेचर कंपनी’च्या निर्मात्या होत्या. मालिकेचे सात भाग प्रसारित झाले होते, आठवा चित्रित होऊन डब्यात पडला होता, आणि तो डबा उघडायचा की नाही हे डोंगरवेळे नावाच्या एका गावातील माजी सैनिकांवर अवलंबून होते. दूरचित्रवाणी केंद्राच्या संचालकांनी शब्द मोजून सांगितले होते: सोमवारी सकाळी ‘आमची हरकत नाही’ असे त्या संघटनेचे पत्र त्यांच्या टेबलावर हवे. नसेल, तर गुरुवारी साडेसात वाजता भातावरील किडीचा माहितीपट जाईल, आणि पुढचे पाच गुरुवारही कशाने तरी भरता येतील. त्या दिवशी रविवार होता, आणि संघटनेने आम्हांला सकाळी नऊला बोलावले होते.

ती मालिका ज्यांनी पाहिली त्यांना तिच्याविषयी सांगावे लागत नाही. सन चव्वेचाळीस, ब्रह्मदेशाची सरहद्द, डोंगरातून रसद वाहणारी एक खेचरांची तुकडी. तिचा सुभेदार रणनवरे परेडलाही काळी छत्री घेऊन उभा राही आणि ‘लढाई हे शिस्तीचं काम आहे, चिखलाचं नव्हे’ असे जपान्यांना उद्देशून बजावी. लंगरचा बाबू कोणतेही अंतर चपात्यांत सांगे: नदी तीन चपात्यांवर, शत्रू दीड चपातीवर. आणि ड्राबी गुणाजी, म्हणजे खेचर हाकणारा शिपाई. हे काम पोंक्षे करी. संध्याकाळच्या हजेरीत खेचराचे नाव पुकारले गेले की गुणाजी बारीक आवाज काढून ‘हजर, साहेब’ म्हणे आणि लगेच ते खेचर एवढ्या जोरात ओरडे की सुभेदाराची छत्री मिटत असे. दादरला एका नाभिकाने गिऱ्हाइकाची खुर्ची कायमची दूरचित्रवाणी संचाकडे वळवून ठेवली होती. मुलुंडच्या एका लग्नात मंगलाष्टके साडेसातच्या आत उरकण्यात आली, आणि भटजी वरपक्षाच्याही आधी हॉलमधल्या संचापुढे जाऊन बसले.

हे सर्व लिहिणारा मी. तेव्हा मी एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो. वाक्य हे बांधकाम आहे, एक वीट तिरपी गेली की भिंत गेली, असे विद्यार्थ्यांना सांगत होतो आणि सहकाऱ्यांशी स्वल्पविरामावरून भांडत होतो. या प्रसंगासाठीही मी अकरा पानांचे निवेदन तयार केले होते. सैनिकाला हसणे आणि सैनिकाबरोबर हसणे यांतील भेद त्यात संस्कृत अलंकारशास्त्राच्या चार आधारांनिशी स्पष्ट केला होता. पत्रातील पहिल्या चार मुद्द्यांना त्यात क्रमवार उत्तरे होती.

"आणि पाचवा मुद्दा?" बाईंनी विचारले. "दुसरं पान मी पाहिलंच नाही. ते तुमच्याकडेच राहिलं."

"किरकोळ आहे. लेखनाबाबत आहे."

"बरं. एक करा, भोईटे. तुमचे वडील फौजेत लेखनिक होते ना? ते सुरुवातीलाच सांगा. सैनिकाचा मुलगा म्हटलं की निम्मं काम होईल."

"लेखनिक म्हणजे काही लढणारा माणूस नव्हे," मी म्हणालो. "त्याचा उपयोग व्हायचा नाही."

"मी सांगू का मग?" पोंक्षे म्हणाला. "माझे वडील गिरगावात खानावळीचे मॅनेजर होते. युद्धाचा अनुभव दांडगा."

मी पत्राची घडी घालून दुसरे पान आत राहील अशा बेताने खिशात ठेवले.

डोंगरवेळ्याची चावडी गावाच्या वरच्या अंगाला होती. पुढे फरसबंदी, तिच्यावर तीन बाके, आणि बाकांवर दहाबारा म्हातारे. स्वच्छ धुतलेले सदरे, छातीवर पदके, पाठी मात्र अजून सरळ. मधल्या बाकावर जो बसला होता त्याच्या मांडीवर एक लांबट वही होती. ते संघटनेचे अध्यक्ष, हवालदार गेनबा निकम. पत्राखाली त्यांचीच सही होती. उभे राहून त्यांनी बाईंना नमस्कार केला, पोंक्षेकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "वाळलायसा. टीव्हीत गोल दिसता."

"कपड्यात कापूस घालतात," पोंक्षे म्हणाला.

"आन् खेचर?"

"ते तट्टू आहे. कान आमचे आहेत. कापडाचे."

"त्ये पयल्याच दिशी कळलं," शेजारचा काळा, किडकिडीत म्हातारा म्हणाला. हे रामा मुळीक. "कान झडलं तवा म्या घरात म्हनलं, खेचरू न्हवं, ह्ये कुनाच्या तरी लग्नातलं घोडं हाय."

चहा झाला. मी निवेदन काढले आणि उभा राहिलो. पहिली दोन पाने मी वाचली असतील. कोणी हलले नाही, कोणी खोकलेही नाही. मला वाटले, युक्तिवाद पोचतो आहे. मग गेनबांनी वहीवरचा हात किंचित वर केला.

"गुर्जी, बसा. ह्ये छत्रीचं कशापायी सांगताय?"

"आपला पहिला आक्षेप. सुभेदार छत्री वापरतो, हा सैन्याचा उपमर्द आहे असे आपण लिहिले आहे."

"लिव्हलंय. आवो, आमचा सुभेदार खरंच छत्री घ्यायचा. नदी उतरताना माणूस वाहून गेला तरी चालंल, छत्री सांभाळा म्हनायचा."

"मग दुसरा मुद्दा? आचारी चपात्यांत अंतर मोजतो?"

"त्ये झ्याक हाय," रामा मुळीक म्हणाले. "माजी सून आता तसंच मोजती."

"शिपाई शत्रूला घाबरतात, असे आम्ही दाखवले आहे. तिसरा मुद्दा."

"भ्यालो व्हतो की," गेनबा म्हणाले. "तुमी वाईच कमीच दावलंय."

माझ्या हातात नऊ पाने उरली होती आणि त्यांतील एकाही वाक्याला आता प्रतिपक्ष नव्हता. वादाची सवय असलेल्या माणसाची याहून वाईट अवस्था नसते. मी काहीशा रागानेच विचारले, "मग हवालदारसाहेब, ही तक्रार केलीत कशाला? तुमच्या या पत्रापायी मालिका बंद पडते आहे. उद्या सकाळपर्यंत तुमची ना-हरकत मिळाली नाही तर संपलं."

बाकांवर कुजबूज झाली. गेनबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"बंद पडंल, ह्ये आमास्नी ठावं न्हवतं," ते म्हणाले. "ऐका. पयला भाग बघितला, तवा आमी शाबासकीचं पत्र धाडलं. उत्तर न्हाय. तिसऱ्या भागाला आनीक एक धाडलं, आक्ख्या कंपनीच्या सह्या घेऊन. त्येचंबी न्हाय. मंग हा रामा म्हनला, तक्रार धाडा. तक्रार धाडली, आन् आठ दिसांत दारात मोटार."

पोंक्षे हसू लागला. टिपणीसबाईंनी हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. मुंबई सोडल्यापासून ती त्यांनी मांडीवरच धरली होती. "म्हणजे तुमची हरकत नाही?"

"तीनाला न्हाय. चौथ्याला हाय. ती खरी हाय."

"खेचर ओरडतं ते?"

"आमची खेचरं वरडत न्हवती, बाई."

गेनबांनी स्वतःच्या गळ्यावर, घाटीच्या जरा खाली, बोट टेकवले.

"जपान्याच्या पाठीमागं जायचं व्हतं. रानात एक खेचर वरडलं तर आक्खी पलटन गेली. म्हनून निघायच्या आधी कॅम्पात समद्या जनावरांचा आवाज काढून टाकला. डॉक्टर सायेब आला, भूल दिली, हितं चिरलं. दोन दिसांत तीन कंपन्यांची जनावरं मुकी. आमी दावं धरून हुबं व्हतो. आमच्यात एक ड्राबी व्हता. त्येची खेचरी लई वरडनारी. सकाळी ह्येला बघितलं की पयलं वरडायची, मंग दाना खायाची. त्या दिसानंतर ती ह्येला बघून त्वांड उघडायची आन् नुसतं वारं यायचं. त्येनं चार दिस काय खाल्लं न्हाय."

रामा मुळीक खाली पाहत होते.

"पाचव्या दिशी सांजच्याला हजेरी झाली. आमच्यात मानसाच्या मागनं त्येच्या जनावराचं नाव घ्यायची रीत व्हती. जनावर हाय का न्हाय त्ये बघाया. सुभेदारानं खेचरीचं नाव घेतलं. तर हा गडी तिच्या मागं वाकला आन् बारीक आवाजात म्हनला, ‘हजर, सायेब.’ आमास्नी वाटलं, आता सुभेदार छत्रीनं हानतो. तर सुभेदारच हसला. जनावरं मुकी केल्यापास्नं पयल्यांदा कोन हसलं असंल तर त्यो. दुसऱ्या दिशी समद्यांनी आपापल्या जनावराची हजेरी दिली. पाच म्हैने. रोज. इंफाळला परत आलो तंवर."

टिपणीसबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत कौतुक होते; असा प्रसंग आपल्या लेखकाने अभ्यास करून शोधून काढला, असे त्यांना वाटले असावे. मी फरसबंदीकडे पाहत होतो.

"आता पाचवं वाचा, गुर्जी," गेनबा म्हणाले.

"हो, ते राहिलंच," बाई म्हणाल्या. "वाचा ना."

मी पत्र काढले. घडी उलगडून दुसरे पान वर घेतले. त्यावर दोनच ओळी होत्या आणि गेले आठ दिवस त्या मला पाठ होत्या, तरी मी वाचूनच दाखवल्या. "‘खेचराचे नाव चंपा हे लेखकास कोणी सांगितले? तसेच, लेखक आपल्या नावात वडिलांचे नाव का लावत नाहीत?’"

श्रेयनामावलीत ‘लेखक: मुकुंद भोईटे’ असे दिसे. महाविद्यालयाच्या दारावरच्या पाटीवर तसेच होते, पुस्तकांवर तसेच होते. मधले नाव मी विसाव्या वर्षी गाळले. विचारणाऱ्याला मी सांगे की तीन शब्दांचे नाव गद्यात जड होते. वडील काय करीत असे कोणी विचारले तर सांगे, सैन्यात लेखनिक. एरवी मी एका तारखेच्या चुकीवरून प्रकाशकाला तीन पत्रे लिहिणारा माणूस आहे.

वडील निवृत्तीनंतर खडकीला एका दूधवाल्याच्या गोठ्यावर राखणीला होते. संध्याकाळी म्हशी बांधून झाल्या की ते दावणीच्या शेवटच्या रिकाम्या खुंट्यापाशी थांबत. जड आवाजात म्हणत, ‘चंपा.’ मग बारीक आवाजात, ‘हजर, साहेब.’ आणि कंदील घेऊन घरी येत. मी नऊ वर्षांचा असताना शाळेतल्या चार मुलांनी ते पाहिले. पुढे वर्षभर वर्गात माझे नाव पुकारले गेले की मागच्या बाकावरून बारीक आवाज येई. चंपा कोण, हे मी वडिलांना कधी विचारले नाही. ते गेल्यावर तीन वर्षांनी मला विनोदी मालिका लिहायची होती, आणि हातात विनोदी असे तेवढेच होते. ते गुणाजीला दिले. नुसत्या आवाजाला हशा येईना, म्हणून त्यापुढे खेचराचे ओरडणे मी माझ्या पदरचे घातले.

"नाव माझ्या वडिलांच्या तोंडी ऐकलं," मी म्हणालो. "तात्याबा भोईटे."

"ते लेखनिक होते ना?" बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"ड्राबी होते. खेचर हाकीत."

"मंग मोठ्यानं सांगा की," रामा मुळीक म्हणाले. "हितं समदी खेचरंवालीच बसल्याती. लेखनिक एकबी न्हाय."

गेनबा पुढे वाकले. "भोईट्याचा हाय, ह्ये आडनावावरनं वाटलं. चंपा नाव ऐकलं तवा खातरी झाली. आक्ख्या फौजेत त्या नावाची एकच. तात्या कुटं असतो?"

"त्र्याऐंशी साली गेले. खडकीला. एका गोठ्यावर राखणीला होते."

"दावनीवरच गेला म्हना."

"हो."

"तुमास्नी कवा सांगितलं न्हाय? चंपीचं?"

"मी कधी विचारलं नाही."

गेनबांनी मांडीवरची वही उघडली. तेव्हा मला कळले की आम्हांला महिन्यातल्या पहिल्या रविवारीच, सकाळी नऊलाच का बोलावले होते. त्या वहीत कंपनीतल्या सर्व ड्राबींची नावे होती, गाव कोणतेही असो. दर महिन्याला हजेरी होई. हयात असे तो स्वतः बोले, मेलेल्याच्या वतीने घरातले कोणी तरी. ज्याचे पुढे काय झाले हे कोणालाच माहीत नाही, त्याच्यापुढे ‘ठावठिकाणा नाही’ एवढे लिहून ठेवले होते.

म्हातारे उभे राहिले. आम्हीही राहिलो. गेनबा नावे घेत गेले. "ड्राबी रामा मुळीक." "हजर." "खेचर राणी." "हजर, सायेब," त्याच मुळिकांनी बारीक आवाज काढून सांगितले, आणि त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. एका नावाला बाकामागून डोईवर पदर घेतलेली एक बाई ‘हजर’ म्हणाली. एका नावाला पोरवयाचा गुराखी, घोंगडी खांद्यावर असतानाच.

"ड्राबी तात्याबा भोईटे."

"हजर," मी म्हणालो.

गेनबांची पेन्सिल कागदावर टेकली होती. ती त्यांनी हलवली नाही.

"खेचर चंपा."

माझ्या शेजारी पोंक्षेचे तोंड सवयीने उघडले. सात आठवडे हा शब्द त्याचा होता, आणि त्याच्यासारखा तो महाराष्ट्रात कोणाला म्हणता येत नव्हता. मग त्याने तोंड मिटले आणि एक पाऊल मागे सरकला.

पंचवीस वर्षे मी व्याख्याने देऊन माझा आवाज घडवला होता. तो भारदस्त आहे असे लोक म्हणत. त्या आवाजात हे उत्तर देता येण्याजोगे नव्हते. मी खांदे आत घेतले, मान किंचित वाकवली, अगदी खडकीच्या त्या खुंट्यापाशी पाहिले होते तशी, आणि म्हणालो, "हजर, साहेब."

पहिले हसले ते रामा मुळीक. मग गेनबा, मग तिन्ही बाकांवरचे सगळे. डोळे पुसत, एकमेकांच्या दंडाला धरून, चव्वेचाळीस सालात हसले असतील तसे ते हसले. माझे कान तापले नाहीत. गेनबांनी वहीतले ‘ठावठिकाणा नाही’ पेन्सिलीने आडवे खोडले, वर तारीख घातली आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. "मुलाचं नाव तुमीच लिवा. अक्षर चांगलं आसंल."

ना-हरकतीचे पत्र बाईंनी तिथेच लिहून घेतले. त्यात एक अट होती, आणि ती पाळायला आम्हांला सोमवारची एक दुपार पुरली. आठव्या भागातला ओरडण्याचा आवाज पुसून टाकला आणि ते दृश्य गुणाजीच्या उत्तराआधी जोडले. तो तसाही आमच्या ध्वनिमुद्रकाच्या घशातलाच होता. चंपा तोंड उघडते, काहीच ऐकू येत नाही, सुभेदार थांबतो, आणि मग तिच्या मागून वाकून गुणाजी बोलतो. आज अडतीस वर्षांनीही लग्नाकार्यात कोणी अनोळखी माणूस माझ्यापाशी येऊन हळूच ‘हजर, साहेब’ म्हणतो, तो याच भागामुळे. मी प्रत्येकाला सांगतो की तो विनोद माझा नाही, आणि कोणाचा तेही सांगतो. काही जण घाईत असतात. मी त्यांनाही सोडत नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी नामावलीच्या पट्ट्या रंगवणारा माणूस माझ्याकडे आला. जुन्या पट्टीवर त्याने नवे नाव खडूने आखून पाहिले होते.

"सर, तीन शब्द एका ओळीत बसत नाहीत," तो म्हणाला. "मधलं काढू का?"

"मधलं राहू द्या," मी म्हणालो. "जागा कमी पडत असेल तर माझं काढा."